प्रश्न आणि रकाना

प्रश्न विचारणे सोपे, असा पुष्कळांचा समज असतो. आमच्या मते उत्तर ऐकून घेण्याची तयारी असेल तरच प्रश्नास अर्थ येतो. १९६० च्या उन्हाळ्यात झाँ रूश व एदगार मोरँ यांनी पॅरिसच्या रस्त्यांवर येणाऱ्याजाणाऱ्यांस 'आपण सुखी आहात काय?' एवढेच विचारविले, आणि त्या उत्तरांस १९६१ सालच्या त्यांच्या चित्रपटात स्थान मिळाले.

आपल्याकडे याच जातीचा प्रयोग १९६७ साली झाला. एस. एन. एस. शास्त्री यांनी 'आय ॲम ट्वेंटी' या माहितीपटासाठी स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेल्या तरुणतरुणींस गाठून त्यांच्या आशा व तक्रारी विचारल्या. वीसेक मिनिटांचा हा कृष्णधवल पट. त्यात नट नाहीत, कथानक नाही. कोणी भविष्याची स्वप्ने सांगतो, तर एक जण आपणांस देशाविषयी प्रेम वाटत नाही, असे स्पष्ट म्हणतो. हे उद्गार न गाळता सरकारच्याच फिल्म्स डिव्हिजनने लोकांपुढे ठेवले, याचे आम्हांस विशेष वाटते.

हा पट आम्ही कुहीस पाहिला, तेव्हा मन साहजिकच जवळच्या माणसांकडे वळले. १९४७ साली आंभोऱ्याच्या बाजूस वैनगंगेकाठी जन्मलेला मुलगाही १९६७ साली वीसच वर्षांचा होता. १९८८ साली गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली, तेव्हा तो एकेचाळिशीत होता. पुढे बुडीत क्षेत्रातील गावे उठली. त्या काळात त्यास प्रश्न पुष्कळ विचारले गेले असतील: खातेदार कोण, जमीन किती, घर कच्चे की पक्के? ते आवश्यक होते, हे आम्ही नाकारीत नाही. त्यांवाचून मोबदला ठरत नाही. परंतु त्यांच्या उत्तरांसाठी रकाने आधीच आखलेले असतात. ग्रामदैवत उचलून नव्या वसाहतीत नेले, त्या दिवशी तुम्हांस काय वाटले, यास रकाना नसतो.

शास्त्रींच्या पटाची थोरवी आम्हांस नेमकी येथे दिसते. अशा पटात अनोळखी माणूस अडखळतो, थांबतो, स्वतःचेच म्हणणे खोडतो, आणि ते सारे तसेच राहू दिले जाते. चित्र व ध्वनी टिपणारे यंत्र आता बहुतेकांच्या खिशात आहे; वाण आहे ती ऐकणाऱ्याच्या सवडीची. १९४७ साली जन्मलेल्या त्या पिढीने पंचाहत्तरी केव्हाच ओलांडली. ज्यास तिला काही विचारावयाचे असेल, त्याने फार दिवस थांबू नये.