लोखंडाचा नंबर

भिलाईत लोखंड कुणी नगावर मोजत नाही. दल्ली-राजहराच्या खाणींतून येणारा खनिज दगड, भट्टीतून वाहणारा रस, यार्डात पडलेलं भंगार, सगळा हिशेब टनांचा. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इथली पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू करून दिली, तेव्हापासून या गावाची भाषाच टनांची झाली. अशा गावात आयुष्य काढून एकेका लोखंडी वस्तूत जीव अडकवून बसणं हा तसा विक्षिप्तपणाच. मला जुन्या रिव्हॉल्व्हरांचा नाद आहे. माझ्याकडे एकही रिव्हॉल्व्हर नाही, कधी असणारही नाही, तरीही हा नाद आहे. आणि या नादाचं मूळ शोधायला गेलो तर ते शिकारकथांत किंवा सिनेमांत सापडत नाही. ते सापडतं आमच्या रेल मिलमध्ये.

रूळ लाटला जात असतानाच त्याच्या उभ्या अंगावर अक्षरं उमटतात. छेद कोणता, पोलाद कोणत्या प्रतीचं, कारखाना कोणता, महिना आणि वर्ष कोणतं. शिवाय रूळ तापलेला असतानाच त्यावर हीट नंबर ठोकतात. हीट म्हणजे पोलादाचा एका वेळचा घाणा. पुढे तो रूळ देशाच्या कुठल्या कोपऱ्यात जाऊन पडेल याचा नेम नसतो. पण वीस वर्षांनी त्याला कुठे चीर गेली, तर तिथला माणूस वाकून नंबर वाचतो आणि चौकशी थेट त्या घाण्यापर्यंत जाते: त्या दिवशी कार्बन किती होता, मँगनीज किती होतं. एकसारख्या दिसणाऱ्या लाखो रुळांतून नेमका एक बाजूला काढून त्याला जाब विचारता येतो, तो एवढ्याशा आकड्यांच्या बळावर. नोकरीत हे आकडे वाचता वाचता मला एक खोड लागली. लोखंडाची कुठलीही जुनी वस्तू हाती आली की आधी तिचा नंबर शोधायचा.

बंदुकांच्या जगात तर नंबराशिवाय पान हलत नाही. तिथे शिरलो आणि माझी गाठ पडली ती जॉर्ज व्हिन्सेंट फॉस्बेरी या माणसाशी. हा बंगाल आर्मीतला अधिकारी. 1863 साली वायव्य सरहद्दीवर, अंबेला खिंडीच्या लढाईत, हातची गेलेली एक कड्यावरची चौकी परत घेताना दाखवलेल्या शौर्याबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पण त्याचं खरं वेड यंत्रांचं. निवृत्त झाल्यावर त्यानं ‘पॅराडॉक्स’ बंदूक काढली. नळी छऱ्याच्या बंदुकीसारखी गुळगुळीत, फक्त तोंडापाशी थोड्या अंतरात पीळदार आटे. त्यामुळे एकाच बंदुकीतून छरेही उडायचे आणि गोळीही नेमकी जायची. पक्षी आणि वाघ या दोन्हींसाठी एकच बंदूक खांद्याला लावणाऱ्या इथल्या साहेब शिकाऱ्यांना ती फार आवडली.

मग 1895 मध्ये त्यानं पेटंट घेतलं ते एका विलक्षण रिव्हॉल्व्हरचं. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसांचं चक्र फिरतं ते नेमबाजाच्या बोटाच्या जोरावर. चाप ओढा किंवा अंगठ्यानं घोडा चढवा, दोन्हीकडे कष्ट माणसाचे. फॉस्बेरीनं हे काम गोळी सुटताना बसणाऱ्या धक्क्याकडे सोपवलं. बार उडाला की नळी आणि चक्र दोन्ही मुठीवरच्या खोबणीतून मागे सरकायचे. चक्राच्या अंगावर नागमोडी खाचा कोरलेल्या होत्या आणि त्या खाचांत खाली बसवलेली एक पक्की खुंटी अडकलेली असायची. मागे सरकताना चक्र अर्धा टप्पा फिरायचं, स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना उरलेला अर्धा. तेवढ्यात घोडा आपोआप चढलेला. पुढच्या गोळीसाठी चाप फक्त हलकेच दाबायचा. यंत्राच्या अंगानं पाहिलं तर इतकी देखणी कल्पना क्वचित सुचते. बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉटनं 1901 पासून ते बाजारात आणलं, .455 बोअरमध्ये सहा गोळ्यांचं आणि .38 मध्ये आठ गोळ्यांचं.

चाललं मात्र नाही. नेमबाजीच्या मैदानावर त्यानं वाहवा मिळवली, कारण तिथे हात स्वच्छ असतात आणि उभं राहायला वेळ असतो. रणांगणावर त्या सुंदर खाचांत चिखल जाऊन बसण्याची धास्ती होती. शिवाय मूठ घट्ट धरली नाही तर धक्का मनगटातच जिरायचा आणि चक्र अर्ध्यावर राहायचं. वजनही जास्त, किंमतही जास्त. ब्रिटिश सैन्यानं ते रीतसर कधी स्वीकारलं नाही. हौशी अधिकाऱ्यांनी पदरमोड करून घेतलं तेवढंच. तोवर स्वयंचलित पिस्तुलं आली आणि हा मधला प्रकार मागे पडला. एकूण पाच हजारांच्या आतच बनली असतील. डॅशिएल हॅमेटनं 1930 च्या ‘द माल्टीज फाल्कन’ कादंबरीतल्या खुनासाठी हेच हत्यार निवडलं, तेव्हाही ते नवलाईचंच होतं. आज जगभरचे संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकतात.

या फॉस्बेरीवर विचार करताना मला एक गोष्ट कळली, ती संग्राहकांना फारशी आवडणार नाही. दुर्मिळ म्हणजे पुष्कळदा न खपलेलं. कारखाना ज्यात हरला तो माल शंभर वर्षांनी काचेत जाऊन बसतो. मी कारखान्यातला माणूस असल्यानं असेल, पण फक्त संख्येनं कमी आहे म्हणून एखाद्या वस्तूपुढे हात जोडणं मला जमत नाही. यंत्र म्हणून फॉस्बेरी मला मोहात पाडतं. पण एखादी वस्तू जपावी कशासाठी, याचं पूर्ण उत्तर त्याच्याकडे नाही. ते उत्तर मला मिळालं दोन ठिकाणी.

पहिलं ठिकाण इथलंच, शिवनाथ नदीच्या पलीकडचं. छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहायचे. त्या काळापासून आणि पुढे इंग्रजी अमलातही मराठी घराणी इकडच्या गावांतून मालगुजार म्हणून रुजली. अशाच एका घरी माझं जाणं-येणं आहे. घरातल्या म्हाताऱ्या काकांना माझा नाद ठाऊक होता. एकदा त्यांनी लोखंडी पेटीतून कापडात बांधलेलं लायसन्सचं पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. आजोबांच्या नावाचं, पानं पिवळी पडलेली. हत्याराच्या रकान्यात लिहिलेलं: वेब्ली रिव्हॉल्व्हर, .455 बोअर, आणि पुढे नंबर. मी अधीर होऊन विचारलं, “काका, आणि रिव्हॉल्व्हर?”

“ते केव्हाच जमा केलं न,” काका म्हणाले. “इलेक्शनच्या टायमाला ठाण्यात ठेवलं होतं. मग बाबा गेले. लायसन कोणाच्या नावावर करायचं, त्याच्यातच वर्षं गेली. आता कुठे असेल, देवालाच माहीत. पुस्तक तेवढं राहिलं.”

यात नवल काहीच नाही. 1959 चा शस्त्र कायदा आणि त्याखालचे नियम असे आहेत की .38 आणि .455 बोअरची रिव्हॉल्व्हरं प्रतिबंधित वर्गात मोडतात. सामान्य माणसाच्या वाट्याला येतं ते .32. 2019 च्या दुरुस्तीनं एका माणसाला बाळगता येणारी हत्यारं तीनवरून दोनवर आणली आणि वारशानं आलेल्या हत्यारांनाही तीच मर्यादा लावली. ज्या घरात आजोबांचं रिव्हॉल्व्हर, काकांची दुनळी आणि शेतावरची भरमार बंदूक एकाच माणसाच्या नावावर नांदत होती, तिथे एकाला निरोप देणं आलंच. कायद्याच्या कलम 45 मध्ये एक छोटी पळवाट आहे: कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेलं शस्त्र, जे दुरुस्त करूनही चालवता येणार नाही, त्याला कायदा सोडून देतो. म्हणजे शस्त्र जपायचं तर आधी ते मारायचं. मला या कायद्याबद्दल तक्रार नाही. ज्या मुलखानं बंदुकीचे इतके आवाज ऐकले, त्या मुलखात घराघरांतून हत्यारं कमी झालेलीच बरी. पण काकांच्या पुस्तकातला तो नंबर डोक्यातून जाईना. तिथे कागद होता आणि लोखंड नव्हतं.

दुसरं ठिकाण इंदूर, होळकरांचं. तिथे नेमकं उलटं घडलं होतं. सीमा सुरक्षा दलाच्या तिथल्या शस्त्रप्रशिक्षण संस्थेच्या संग्रहात एक .32 बोअरचं कोल्ट स्वयंचलित पिस्तूल बरीच वर्षं पडून होतं. 1969 मध्ये पंजाबातल्या फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातून इतर काही हत्यारांबरोबर ते तिथे आलं होतं. गंज चढू नये म्हणून त्याला काळा रंग फासलेला. येणारे जाणारे पाहायचे आणि पुढे जायचे. 2016 मध्ये कुणाला तरी शंका आली, जुने कागद धुंडाळले गेले, रंग खरवडला गेला आणि खालून नंबर निघाला: 168896. भगतसिंगांच्या खटल्यातल्या कागदांत हाच नंबर होता.

17 डिसेंबर 1928 ला लाहोरमध्ये इंग्रज पोलीस अधिकारी साँडर्सवर गोळ्या झाडल्या गेल्या. पहिली गोळी आपल्या खेडच्या शिवराम हरी राजगुरूंची. त्यामागोमाग भगतसिंगांनी चालवलं ते हे पिस्तूल. पुढे 8 एप्रिल 1929 ला दिल्लीच्या असेंब्लीत बाँब टाकून भगतसिंग स्वतःहून पकडले गेले, तेव्हा ते पोलिसांच्या हाती लागलं आणि खटल्यात पुरावा म्हणून उभं राहिलं. 23 मार्च 1931 ला भगतसिंग, राजगुरू, सुखदेव फासावर गेले. पिस्तूल मात्र शिकाऊ पोलिसांच्या अभ्यासाचं साहित्य होऊन निमूट जगत राहिलं. ओळख पटल्यावर ते हुसैनीवाल्याच्या संग्रहालयात नेण्यात आलं, जिथे सतलजच्या काठी त्या तिघांचे देह जाळले गेले होते.

कोल्टनं ही पिस्तुलं लाखांनी बनवली. दुर्मिळतेच्या तराजूत फॉस्बेरीपुढे ते अगदीच सामान्य. त्याच कारखान्यातून त्याच्या आगेमागे निघालेलं भावंड आज अमेरिकेत कुणाच्या टेबलाच्या खणात असेल आणि त्याला कुणी विचारतही नसेल. सहा आकड्यांनी एवढा फरक पाडला. हे आकडे टिपून ठेवणाऱ्या कारकुनाच्या मनात इतिहास वगैरे काही नव्हतं. त्याला आरोप शाबीत करायचा होता. ज्या नोंदीनं त्या तिघांच्या फाशीला हातभार लावला, तिच्याच आधारानं त्यांची वस्तू पंच्याऐंशीहून अधिक वर्षांनी त्यांना परत मिळाली. साम्राज्याच्या दप्तराची ही शिस्त त्याच्याच विरोधकांच्या कामी यावी, यात मला इतिहासाचा एक कोरडा विनोद दिसतो.

नोंदीचा आणखी एक गुण मला महत्त्वाचा वाटतो. ती पक्ष घेत नाही. श्रद्धेनं वस्तूकडे पाहणारा माणूस एवढंच सांगेल की हे भगतसिंगांचं पिस्तूल. नोंद त्यापुढे जाऊन सांगते की मारायचं होतं पोलीस अधीक्षक स्कॉटला आणि मेला साँडर्स, जेमतेम एकविशीतला पोरगा; आणि पाठलाग करणारा हवालदार चननसिंगही त्याच संध्याकाळी चंद्रशेखर आझादांच्या गोळीला बळी पडला. हे सगळं एकाच कागदावर असतं. शस्त्र जपणाऱ्यानं हा सगळा कागद जपायला हवा. नुसतं लोखंड जपणारा शेवटी लोखंडाच्या तोऱ्यात अडकतो; मुठीवरची नक्षी आणि पोलादाची झळाळी सांगत बसतो आणि त्या नळीसमोर कुणीतरी उभं होतं हे विसरतो.

पुण्याच्या दिनकर केळकरांचा संग्रह पाहताना हे विशेष जाणवतं. कवी असलेल्या या माणसानं अकाली गेलेल्या राजा नावाच्या मुलाच्या आठवणीत वीसेक हजार वस्तू गोळा केल्या. दिवे, अडकित्ते, वाद्यं आणि त्यांच्या सोबतीला शस्त्रंसुद्धा. त्यांच्या दालनांत तलवार घरातल्या वस्तूंच्या शेजारी येते आणि तिचा ताठा कमी होतो. ती कुणाच्या तरी घरातली वस्तू होती, एवढं कळतं. शस्त्र पाहण्याची ही रीत मला पटते.

म्हणून मी आता लोखंडाचा नाद सोडून कागदाचा धरला आहे. ओळखीच्या घरांतून, जिथे एखादी भरमार किंवा जुनी दुनळी ठाण्यात जमा व्हायची आहे, तिथे जाऊन मी एवढंच करतो: नंबर, कारखान्याचं नाव, नळीवरचे छाप उतरवून घेतो, कुणी, कधी, कुणाकडून घेतली ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारतो, आणि ती कधी चालली का, कुणावर चालली, हेही विचारतो. या शेवटच्या प्रश्नाशी बहुतेक जण थबकतात. पुष्कळदा उत्तर रानडुकरापाशी संपतं. क्वचित कुणी आवाज उतरवून वेगळं काही सांगतं. तेही लिहून घेतो. काकांच्या रिव्हॉल्व्हरचा नंबर वहीत आहेच. उद्या ते कुठे निघालंच तर ते कोणत्या घरचं, हे सांगायला एक कागद तरी असेल.

जमा झालेलं हत्यार कधी ना कधी मोडीत निघतं, आणि मोडीचं काय होतं हे भिलाईच्या माणसाला कुणी शिकवायला नको. भंगार कन्व्हर्टरमध्ये पडतं, तासाभरात घाणा तयार होतो आणि त्या पोलादावर नवा नंबर चढतो. कुणाचं तरी रिव्हॉल्व्हर रुळाच्या रूपानं आगगाडी पेलणार असेल, तर त्याची यापरती चांगली गती मला सुचत नाही. माझी मागणी एवढीच आहे की नवा नंबर चढण्याआधी जुना कुणीतरी लिहून घेतलेला असावा.