चान्स किती, विचारलंस म्हणून

चि. चिऊस,


तुझं पत्र मिळालं. नोकरी सोडलीस? दादाला न सांगता? ‘मुलाखतीच्या तयारीला पूर्ण वेळ हवा’ हे कारण मला मुळीच पटलेलं नाही, आणि वहिनीला ते मी सांगणारही नाही. तूच सांग. राजीनामा मंजूर व्हायचा असेल तर तो मागे घेता येतो का, हेही आधी बघ.

ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळायचे माझे चान्स किती, असं विचारलंयस. भारताच्या वाट्याला वर्षाला पाच-सहा जागा, आणि अर्ज देशभरातून, जिथे तिथे पहिल्या-दुसऱ्या आलेल्या मुलामुलींचे. भागाकार करून तू घाबरली आहेस, हे अक्षरावरूनच कळतं. पण त्या भागाकारात सगळे सारखेच धरलेले असतात. शेवटच्या चार दिवसांत निबंध उरकणारे, ज्यांच्या शिफारसपत्रात प्राध्यापकांनी नाव बदलून जुनाच मजकूर चिकटवलेला असतो असे कितीतरी त्यात असतात. त्यांच्यापेक्षा तू नक्की पुढे आहेस. तेव्हा पहिल्या चाळणीपुरता आकडा तुला वाटतो तेवढा वाईट नाही.

शेवटच्या फेरीत मात्र गोष्ट वेगळी. तिथे पोचलेलं प्रत्येक मूल निवडण्याजोगं असतं. आमच्या इथल्या छोट्याशा ट्रस्टच्या समितीवर मी इतकी वर्षं बसते आहे; रक्कम लहान, पण प्रकार तोच. शेवटी दोन अर्ज टेबलावर उरतात आणि त्यांच्यात खरोखर काही डावं-उजवं नसतं. कुणी सदस्य एका मुलीच्या विषयात रमलेला असतो, कुणाला आठवतं की गेल्या वर्षीही अर्थशास्त्रालाच दिली होती. निर्णय होतो, प्रामाणिकपणेच होतो. पण बाहेर बसलेल्या दुसऱ्या मुलीला वाटतं, आपल्यातच काहीतरी कमी होतं. ती डोळे पुसत जिना उतरते आणि मला उठून तिला काही सांगता येत नाही. म्हणून तुला आत्ताच सांगते आहे. त्या दिवशी ‘नाही’ आलं, तर तो तुझ्या बुद्धीचा निकाल आहे असं मनात आणायचं नाही.

आणि ऱ्होड्सचं एवढं दडपण घेतेस, तर हेही ऐक. सेसिल ऱ्होड्सने आपल्या मृत्युपत्रात ही शिष्यवृत्ती फक्त पुरुषांसाठी ठेवली होती. १९७७ पर्यंत बायकांना ती मिळतच नव्हती. मी कॉलेजात होते गं तेव्हा! आमच्या वर्गातल्या सगळ्या हुशार मुलींचे चान्स शून्य होते. त्या काय कमी गुणाच्या होत्या? त्यांच्यातलीच तुझी सुमनमावशी आठव.

निबंध मी दुरुस्त करून द्यावा असं म्हणतेस. नाही देणार. ‘हे माझंच लिखाण आहे’, असं ऱ्होड्सवाल्यांना उमेदवाराकडून लिहून हवं असतं, आणि तशी सही तू खोटी करावीस हे मला चालणार नाही. एक मात्र सांगते. हॉस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाकाच्या बायकांचा पगार वाढावा म्हणून तू कार्यालयात हेलपाटे घातलेस, त्याचा निबंधात एक शब्द नाही. ‘नेतृत्वगुण’ मात्र तीनदा आलाय. तो शब्द काढ आणि त्या बायकांबद्दल लिही.

आता ज्या वाक्याने मला रात्री झोप लागली नाही, त्याकडे येते. ‘कर्जाऊ शिष्यवृत्तीत काही मान नाही, ते अर्ज मी भरत नाहीये.’ हे कुठून शिकलीस? जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी निधी उभा केला तो कर्जाऊच. शिका, कमवा, परत करा, म्हणजे पुढच्याला देता येईल. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले ते याच निधीचे विद्यार्थी म्हणून. त्यांच्या मानाला कुठे उणेपणा आला?

आणि बाबासाहेबांचं बघ. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंड दिले, तेही बडोद्याला दहा वर्षं नोकरी करण्याच्या करारावर. कोलंबियात शिकले, पुढे लंडनला गेले, आणि १९१७ मध्ये मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. विचार कर, एवढ्या बुद्धीच्या माणसाची शिष्यवृत्ती मधेच संपली. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, एका मित्राने उसने दिले, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डी.एस्‌सी. घेतली. त्या पदवीत संस्थानचा पैसा किती, पगारातला किती, उसना किती, असं कोणी विचारतं का? शिष्यवृत्ती ही पैशाची सोय आहे, चिऊ. तिला मुकुट समजून डोक्यावर घ्यायची तयारी करतेस, आणि ती नाही आली तर मान खाली घालशील, याची मला धास्ती वाटते.

तेव्हा अर्ज चारी दिशांना गेले पाहिजेत. गेट्स केंब्रिज जगभरातून वर्षाला ऐंशीच्या आसपास मुलं घेते. इन्लॅक्सला तिशीच्या आत असलेलं चालतं, म्हणजे तुझ्यापुढे अजून वर्षं आहेत. ऱ्होड्सची वयोमर्यादा मात्र लवकर संपते, एवढ्यापुरती तुझी घाई बरोबर. फेलिक्स बघ, तिथे घरची परिस्थितीही विचारात घेतात. आणि ऱ्होड्स मिळाली तरी ऑक्सफर्डचा प्रवेश वेगळा मिळवावा लागतो, हे पत्रात कुठेच दिसलं नाही. प्राध्यापकांना शिफारशीसाठी आजच भेट. आयत्या वेळी मागितलं की तेही नाव बदलूनच देतात.

खोकला गेला का? रात्री तीनला मेसेज पाठवतेस, ते मला दिसतं बरं.

एक गोष्ट लिहू की नको, करत होते. दादा परवा फोनवर मळ्यातल्या जमिनीचा भाव विचारत होता. सहज विचारतोय म्हणाला. कुणासाठी ते मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. टाटांचे अर्ज निघाले की मी भरणार आहे, असं त्याला तुझ्या तोंडून कळू दे, आणि ते त्याने कुणाला शब्द देण्याआधी कळू दे.

तुझी,
आत्या