ताम्हिणीत ठरलं बाईकचं!

सेकण्डहॅण्ड बाईकची अदलाबदल पार्किंगमध्ये ठरवायची नसते, घाटात ठरवायची असते. म्हणून ऑफिसातल्या मित्रानं 'तुझी थंडरबर्ड आणि वर 50 हजार दे, माझी हिमालयन ने' अशी ऑफर टाकली, तेव्हा मी म्हटलं, आधी रविवारी ताम्हिणी!

आता कागदावर बघाल तर डील सॉलिड आहे. त्याची 2018ची 411 सीसी, माझी 2014ची 346 सीसी. त्याचं पुढचं चाक 21 इंची, ग्राउण्ड क्लिअरन्स 220 मिलिमीटर. माझ्याकडे काय, तर 20 लिटरची टाकी (त्याची 15) आणि मागे टेकायला बॅकरेस्ट. थंडरबर्ड 2020मध्ये बंद झाली, 411ची हिमालयन 2023मध्ये. म्हणजे दोन्ही आता मिळणार त्या वापरलेल्याच.

आमच्या टेस्ट राइडला तिसरी मेंबर होती, आई. आमचं गाव माणगावजवळ, तिथे आजी एकटी राहते. आईला घाटात बस लागते, बाईक लागत नाही. त्यामुळे महिन्याला एक फेरी आमची ठरलेली. जाताना ती हिमालयनवर माझ्या मागे बसणार, येताना थंडरबर्डवर.

चांदणी चौक सोडला, पौडला चहा मारला आणि मुळशीचं पाणी दिसायला लागलं. हा तलाव नुसता फोटोपुरता नाही हं. याच धरणाविरुद्ध 1921मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. गावं पाण्याखाली गेली आणि इथलं पाणी आजही डोंगरापलीकडे, खाली कोकणात, भिऱ्याला वीज करायला जातं. पुण्याकडून कोकणात उतरणारे फक्त आपणच नाही!

पुढे ताम्हिणी. पाऊस ओसरला होता, पळशाचा धबधबा बारीक झाला होता. उखडलेल्या पट्ट्यांवरून हिमालयन अशी गेली की बस्स. मी मनातल्या मनात 50 हजार मोजून टाकले. विळ्याला थांबलो तेव्हा आई म्हणाली, "खड्डे कळले नाहीत रे." पण परत बसताना तिला मैलाच्या दगडावर पाय ठेवून चढावं लागलं. माणगावपर्यंत तिचे दोन्ही हात माझ्या खांद्यांवर घट्ट, आणि तोंडून एक शब्द नाही.

येताना थंडरबर्ड. खड्डे सगळे कळले. पण विळे सोडून चढ लागला तशी आईनं खांद्यावरचे हात काढले, पाठ टेकली आणि बोलायला लागली. आजी आता जेवत नाही. रात्री उठून आजोबांना हाका मारते. हेल्मेटमधून निम्मं ऐकू येत होतं. घाटमाथ्यावर गाडी बाजूला घेतली, तेव्हा ती म्हणाली, "आता महिन्यानं नको, दर पंधरा दिवसांनी आणशील का?"

मित्राला सोमवारी 'नाही' कळवलं. वाचलेल्या पैशांतून थंडरबर्डला मागचे नवे शॉकअप आणि दोन टायर टाकतोय, म्हणजे खड्ड्यांचंही बघता येईल. तुम्ही एकटे स्पितीला निघाला असाल, तर मात्र बिनधास्त हिमालयन घ्या. माझा रूट सध्या पुणे-माणगाव-पुणे आहे.

अदलाबदल करताय?
– दोन्ही गाड्यांचे फॉर्म 29 आणि 30 वेगवेगळे भरा.
– गाडीवर लोन असेल तर बँकेची एनओसी घ्या आणि आरसीवरून बोजा उतरवा.
– आरसीवरचा चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा.
– इन्शुरन्स 14 दिवसांत नावावर करून घ्या. नो क्लेम बोनस गाडीबरोबर जात नाही, तो तुमचाच राहतो.
– आणि हो, टेस्ट राइडला मागे बसणाऱ्यालाही न्या!