शुक्रवारचा फोन

आजोबांच्या मोडीतल्या पत्रांचं लिप्यंतर ‘यंदा संपवायचं’ असं ठरवलं होतं. एवढं मोठं ध्येय म्हणजे टाळायची उत्तम सोय! आता दर शुक्रवारी एकच पत्र, आणि रात्री ते मावशीला फोनवर वाचून दाखवायचं. मावशी रागावत नाही, नुसतं विचारते, “मग, पुढे काय झालं?” तिच्या या प्रश्नाची जेवढी धास्ती, तेवढी मोबाइलच्या गजराची कुठली!

डॅन एरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांचा २००२ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग आठवतो. स्वतः मुदती आखून घेतलेल्या विद्यार्थ्यांना फायदा झाला. पण ज्यांच्यावर समान अंतराच्या मुदती बाहेरून लादल्या, त्यांचं काम सरस ठरलं. पटतं. स्वतःशी घासाघीस फार स्वस्तात होते. आजच्या पत्रात आजोबा सावकाराशी भांडतायत. निम्मं उतरवून झालंय, नऊला फोन.