नवरा बायकोला भेटायला चाललाय, हे कारण पुरत का नाही?

ठाणे, कल्याण, डोंबिवलीतून युरोपात शिकायला जाणाऱ्यांच्या बातम्या आम्ही स्थानिक पत्रकार हौसेने लावतो. ‘कोपरीच्या लेकीची भरारी’ हा मथळा माझ्याच हातून पाच-सहा वेळा गेला असेल. विमानतळावरचा फोटो, ट्रॉली, हार, मागे आईवडील. पण जाणारी बाई लग्न झालेली असेल, नवरा इथे मागे राहिला असेल, तर पुढच्या दोन वर्षांत तो तिला एकदा तरी भेटू शकतो का, याची बातमी कुठे येत नाही. हा प्रश्न माझ्या घरात आला, म्हणून ही लांबलचक पोस्ट. चहा घेऊन बसा.

माझी बायको चौदा वर्षं एका खासगी लॅबमध्ये मायक्रोबायॉलॉजिस्ट होती. एकोणचाळिसाव्या वर्षी तिला युरोपातल्या एका विद्यापीठात दोन वर्षांच्या मास्टर्ससाठी स्कॉलरशिप मिळाली. मुलगी तेव्हा सातवीत. माझी आई आमच्याकडेच. आईच आधी म्हणाली, ‘जाऊ दे रे तिला. पोरीचं आणि तुझं मी बघते.’ ती गेली. ठरलं असं की पहिल्या हिवाळ्याच्या सुट्टीत मी बारा दिवस जाऊन यायचं. मुलीची शाळा आणि दोन तिकिटांचा खर्च बघता मी एकट्याने.

आता कागद. तीन वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, किमान ३० हजार युरोचा प्रवास विमा, जायचं-यायचं विमानाचं बुकिंग, बायकोचं निमंत्रणपत्र, तिचं तिथलं ओळखपत्र, विवाह नोंदणीचा दाखला. अष्टविनायक चौकातल्या झेरॉक्सवाल्याने गठ्ठा बघून विचारलं, ‘सर, फ्लॅटचं लोन काढताय का?’ म्हटलं, ‘नाही रे, बायकोला भेटायला चाललोय.’ तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय.

तीन आठवड्यांनी पासपोर्ट परत आला. आत व्हिसा नाही, एक छापील फॉर्म. त्यात कारणांची यादी असते आणि लागू असेल त्या चौकटीत खूण केलेली असते. माझी खूण या अर्थाच्या कारणापुढे होती: व्हिसाची मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल, याबद्दल रास्त शंका आहे.

देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. शेंगेनमध्ये आज २९ देश आहेत आणि हा फॉर्म सगळीकडे तोच आहे.

शंका का आली असेल? मी पेपरला बातमीमागे पैसे घेणारा माणूस. वर थोडं जाहिरातींचं कमिशन. गणपती-दिवाळीत खात्यात बरी रक्कम दिसते, जून-जुलैत हात आखडतो. सॅलरी स्लिप नाही. निमशहरी पत्रकारितेत ती फार थोड्यांकडे असते. म्हणजे समोरच्या अधिकाऱ्याला दिसलं काय? कमाई अनियमित आणि बायको तिकडे. त्याने बेरीज केली: हा जाईल आणि राहील.

मला सर्वांत टोचलं ते हे. जे नातं भेटीचं कारण होतं, तेच संशयाचं कारण ठरलं. मी अनोळखी शहर बघायला निघालेला टूरिस्ट असतो तर कदाचित जास्त विश्वासाचा वाटलो असतो. आणि मला इकडे परत ओढणारी माणसं, म्हणजे बारा वर्षांची मुलगी आणि सत्तरीची आई, त्यांच्यासाठी त्या फॉर्मवर चौकटच नव्हती.

अधिकाऱ्याची बाजूही मांडतो. त्याच्यापुढे ढीगभर अर्ज असतात. मुदत संपूनही राहणारे लोक खरेच असतात. आणि आपण परत येऊ हे पटवण्याचं ओझं कायद्यानेच अर्जदारावर टाकलेलं आहे. हे सगळं मान्य. पण आकडे बघा. २०२४ मध्ये भारतातून शेंगेन व्हिसासाठी सुमारे ११ लाख अर्ज गेले आणि सुमारे १ लाख ६५ हजार नाकारले गेले. साधारण शंभरात पंधरा. ११ जून २०२४ पासून मोठ्या माणसाची फी ८० वरून ९० युरो झाली, आणि नकार आला तरी ती परत मिळत नाही. ढोबळ हिशोब केला तरी नाकारलेल्या अर्जांच्या फीचेच सव्वा ते दीड कोटी युरो होतात. अर्ज गोळा करणाऱ्या कंपनीचे सेवाशुल्क वेगळे. हा पैसा कुणी सुट्टीसाठी साठवलेला असतो, कुणी माझ्यासारखा फक्त भेटीसाठी.

आता नियमातली गंमत ऐका. समजा स्पेनची एक मुलगी जर्मनीत शिकते आणि तिचा नवरा भारतीय आहे. तिच्याकडे जाण्यासाठी त्याला व्हिसा फुकट आणि लवकर द्यावा लागतो, कारण ती युरोपीय महासंघाची नागरिक आहे. समजा एखादी भारतीय बाई तिथे संशोधक म्हणून गेली, तर २०१६ च्या युरोपीय कायद्याने तिला कुटुंब आणण्याचा हक्क दिलाय. तीच बाई विद्यार्थिनी म्हणून गेली, तर त्या कायद्यात तिच्या नवऱ्याची सोय नाही. ज्या-त्या देशाच्या कायद्यावर सोडून दिलंय. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, पण तिथेही १ जानेवारी २०२४ पासून नेहमीच्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना जोडीदार किंवा मुलं सोबत नेता येत नाहीत. संशोधनाची पदवी आणि सरकारी स्कॉलरशिपवाल्यांना तेवढी सवलत.

मग नवऱ्याला उरतो तो साधा पाहुण्याचा व्हिसा. १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. तोही टूरिस्टच्याच रांगेतून.

आमच्या कोपरी कॉलनीतले एक सिंधी काका आहेत. त्यांचे आईवडील फाळणीत सिंधमधून निघाले ते इथे आले. मी नकाराचं सांगितल्यावर म्हणाले, ‘आमच्या बापाकडे एक कागद नव्हता. तरी सरकारने म्हटलं, या, बसा. तुझ्याकडे एवढे कागद, आणि तुला म्हणतात, थांब.’ दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्यांनाही कळतं. पण त्यांचं बोलणं मनात राहिलं.

दुसरा अर्ज मी दीड महिन्याने केला. या वेळी सोबत एक पानी पत्र जोडलं, त्यात खात्यातल्या प्रत्येक मोठ्या रकमेचा खुलासा. सीएचा दाखला, पेपरच्या संपादकांचं पत्र, मुलीच्या शाळेचा बोनाफाईड, आईच्या औषधोपचाराचे कागद, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट. फी पुन्हा भरली. सुट्टी निघून गेली होती. मार्चमध्ये व्हिसा आला, मोजून पंधरा दिवसांचा.

तर मी गेलो. युरोप कसा दिसतो ते लिहीत नाही, रील्सवर सगळं आहे. मी काय बघितलं ते सांगतो.

सहा-सात महिने रोज रात्री व्हिडिओ कॉलवर मला तिच्या खोलीची एकच भिंत दिसायची. मुलीने काढलेली चित्रं लावलेली, दिव्यांची माळ सोडलेली. प्रत्यक्षात बाकीच्या तीन भिंतींच्या आत एक पलंग, एक टेबल आणि खिडकीखाली उघडी बॅग. कपाट लहान म्हणून ती बॅगेतूनच कपडे काढत होती. स्वयंपाकघर आठ जणांत एक. परीक्षेच्या आठवड्यात ती रात्री ब्रेड आणि दही खाऊन झोपायची, हे मला तिच्या शेजारणीने सांगितलं. तिने कधीच सांगितलं नव्हतं. विचारलं तर म्हणाली, ‘तिकडून तू काय करणार होतास? आईंना सांगून उगाच काळजी.’

बारापैकी सात दिवस तिची लॅब होती. त्या दिवशी मी सकाळी तिला ट्रामपर्यंत सोडायचो आणि दुपारी सार्वजनिक वाचनालयात बसायचो. संध्याकाळी पिठलं-भात. एकदा तिच्यासोबत शिकणारे चौघे जेवायला आले. तिशीच्या आतली पोरं. ती त्यांना एका प्रयोगाचं काहीतरी समजावत होती, हात हलवून, मध्येच हसून. लग्नाला पंधरा वर्षं झाली, मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. घरी ती लॅबमधून यायची आणि थेट कुकर लावायची. तिला एवढं येतं आणि ते सांगताना तिला एवढी मजा येते, हे मला तिथे, त्या आठ जणांच्या स्वयंपाकघरात समजलं.

भेट म्हणजे माझ्या दृष्टीने हे. ती कुठे अडलीय आणि कुठे फुललीय, दोन्ही एकदम बघणं. फोनवर माणूस आपली एक भिंत दाखवतो. ती बरी दिसावी म्हणून धडपडतो.

हे वाचून कुणाला वाटेल, पूर्वीचे लोक तर वर्षानुवर्षं भेटायचे नाहीत. खरंय. पण आपल्याच कल्याणचं उदाहरण घ्या. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये एकट्या बोटीने अमेरिकेला गेल्या. युरोप नव्हे, पण घरापासून तुटलेपण तेच, उलट जास्तच. गोपाळरावांचा स्वभाव आपल्याला ‘आनंदी गोपाळ’ कादंबरी आणि सिनेमामुळे माहीत आहे. हट्टी, तापट, तिला शिकवायचंच म्हणून जिद्दीला पेटलेला पोस्टातला नोकर. पण तेही तिचं शिक्षण संपायच्या आत अमेरिकेला पोचले. ११ मार्च १८८६ ला पेनसिल्व्हेनियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात तिला पदवी मिळाली तेव्हा ते समोर होते. पंडिता रमाबाई तर इंग्लंडहून आल्या होत्या. वर्षभराच्या आत, २६ फेब्रुवारी १८८७ ला, आनंदीबाई पुण्यात गेल्या. वय २१. गोपाळरावांनी तो समारंभ पाहिला नसता तर पुन्हा पाहायला काहीच उरलं नव्हतं.

त्यांना तिकिटाचे पैसे जमवावे लागले, समाजाची टीका सोसावी लागली. पण तू परत जाशील कशावरून, हे पटवून व्हिसा मिळवावा लागला नाही. तेव्हा ती पद्धतच नव्हती. सगळ्या जगाला पासपोर्ट-व्हिसाची सवय लागली ती पहिल्या महायुद्धापासून.

इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या आणि १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन आल्या. नवरा दिनकर कर्वे पाठीशी होता. विरोध होता तो सासऱ्यांचा, म्हणजे ज्यांनी स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य घातलं त्या धोंडो केशव कर्व्यांचा. तेव्हा अडवणूक घरातून व्हायची. आज माझी आई म्हणते ‘जा’, आणि अडवणूक खिडकीपलीकडून होते.

आता मुद्द्याचं. भारताने जर्मनीशी डिसेंबर २०२२ मध्ये आणि इटलीशी नोव्हेंबर २०२३ मध्ये स्थलांतराचे करार केले. त्यांत विद्यार्थी आणि कामगारांचं येणं-जाणं आहे. युरोपला आपली शिकलेली माणसं हवी आहेत, ते उघड सांगतात. मग पुढच्या वाटाघाटीत आपल्या सरकारने एवढं तरी मागावं: तिथे वैध परवान्यावर शिकणाऱ्या व्यक्तीच्या जोडीदाराच्या छोट्या भेटीसाठी वेगळा रकाना, आणि मागे राहिलेली मुलं व आईवडील हा परत येण्याचा पुरावा म्हणून मोजला जावा. खासदारांना हे विचारायला हरकत नाही. मी विचारणार आहे. तुम्हीही विचारा.

तोवर कामाच्या चार गोष्टी.

एक, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंत लागू शकतात. सुट्टीच्या तोंडावर जाऊ नका.

दोन, पगारपत्रक नसेल तर पैशाचा खुलासा स्वतःहून लिहून द्या. त्यांनी विचारायची वाट बघू नका.

तीन, नकाराविरुद्ध अपील करायचा हक्क आहे. कसं आणि किती दिवसांत, ते नकाराच्या कागदावरच असतं. मात्र जर्मनीने १ जुलै २०२५ पासून दूतावासाकडे फेरविचार मागण्याची सोय बंद केली. तिथे आता नवा अर्ज किंवा थेट कोर्ट.

चार, मिळालेला व्हिसा नीट वापरून वेळेत परत या. एप्रिल २०२४ पासूनच्या नियमाने भारतीयांना तीन वर्षांत दोन व्हिसा व्यवस्थित वापरले तर पुढे दोन वर्षांचा, अनेकदा जाता येईल असा व्हिसा मिळू शकतो.

माझा पहिला व्हिसा वापरून झाला. पंधरा दिवसांचा होता, तेराव्या दिवशी मी ठाणे स्टेशनला पूर्वेकडे उतरलो. दुसऱ्याचे कागद जमवायला घेतलेत. जूनमध्ये तिचा पदवीदान समारंभ आहे. या वेळी मुलीलाही न्यायचंय.