गरीब म्हणजे कोण?

मी दापोलीजवळच्या एका गावचा. बी.एड. झाल्यावर काही वर्षे गावी शिकवले. आता ओमानची राजधानी मस्कत येथे एका भारतीय शाळेत हिंदी शिकवतो. वर्गातली बरीच मुले घरी मल्याळम किंवा तेलुगू बोलतात.

उर्दू येत असल्यामुळे रस्त्यावरच्या अरबी पाट्या मला पहिल्याच दिवशी वाचता आल्या. समजल्या मात्र थोड्याच! किताब, कलम, दुकान हे शब्द ओळखीचे निघाले. एका ओमानी रियालचे हजार बैसा होतात. अरबी लिपीत ‘प’ नाही, म्हणून आपला पैसा तिथे बैसा झाला.

‘तू इथे गरीब आहेस,’ शाळेचा ओमानी बसचालक एकदा हसत म्हणाला. आपल्याकडे गरीब म्हणजे पैसा नसलेला, नाहीतर गाईसारख्या स्वभावाचा. अरबीत गरीब म्हणजे परका. शब्द खरा होता, म्हणूनच झोंबला. तेव्हापासून मी त्याच्याशी रोज थोडी अरबी बोलू लागलो.

वर्षभराने पत्नी आणि मुलगी आल्या. मुलगी मैत्रिणींशी हिंदीत बोलते, अरबीत आकडे मोजते. शुक्रवारी सुट्टी असते, तेव्हा ती आजीला फोन करते. परवा अम्मी मला म्हणाली, ‘पोर छान बोलते रे, पण परक्यासारखी.’

त्या दिवसापासून जेवताना आम्ही गावची बोलीच बोलतो.