संगमनेर ते कोतूळ : दुधाच्या वाटेने

पुणे-नाशिक रस्त्यावरचे संगमनेर सोडून अकोले गावाकडे वळले, की प्रवरामाई सोबतीला येते. वर भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले. त्याच्या पाण्यावर खालच्या अंगाला ऊस वाढला, उसापाठोपाठ घास-मका आला आणि चाऱ्यापाठोपाठ संकरित गाय. पहाटे या रस्त्याने निघालात तर फाट्याफाट्यावर कॅन अडकवलेल्या मोटारसायकली भेटतील. अकोल्याहून पुढे मुळेच्या खोऱ्यात उतरले, की कोतूळ लागते. दर दहा दिवसांनी मिळणारे दुधाचे बिल हाच इकडच्या कित्येक घरांचा पगार. किराणा, मुलांची फी, सोसायटीचा हप्ता, सारे त्यातूनच.

हा पगार 2023 च्या अखेरीस घसरला. तेव्हा राज्य सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे 5 रुपये अनुदान जाहीर केले. पहिला टप्पा 11 जानेवारी ते 10 मार्च 2024 असा होता. पुढे 1 जुलैपासून डेअरीने 30 रुपये द्यावेत आणि सरकारने 5 घालावेत, असे ठरले. त्याच जुलैत या कोतूळला दूध उत्पादकांनी धरणे धरले होते. त्यांचे म्हणणे साधे होते : आम्हाला हक्काचा भाव हवा.

ऑक्टोबर 2024 पासून अनुदान 7 रुपये झाले. ऐकायला बरे वाटले. पण डेअरीचा दर 30 वरून 28 वर आला. मंडळी, याचा हिशेब घरी बसून मांडून पाहावा. रोज 20 लिटर दूध घालणाऱ्या घराला आधी डेअरीकडून 600 रुपये व सरकारकडून 100 रुपये मिळायचे; नंतर 560 व 140. बेरीज दोन्ही वेळा 700च. मात्र दहा दिवसांच्या बिलात 400 रुपये कमी आले. ते बँकेत यायचे, पण मागाहून. पेंडवाला दुकानदार काही तोवर थांबत नाही!

आणि मागाहून तरी सर्वांना कोठे मिळाले? अनुदानासाठी गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला हवा, त्याची ऑनलाइन नोंद हवी आणि बँकखाते आधारला जोडलेले हवे. ही माहिती डेअरीमार्फत वर जायची. म्हशीचे दूध, तसेच हॉटेलात वा घरोघर रतीब घालणाऱ्यांचे दूध यात बसतच नव्हते.

वाटेतल्या एका संकलन केंद्राच्या ओट्यावर एक ताई भेटल्या. दोन्ही वेळच्या धारा त्याच काढतात. त्या म्हणाल्या, "साहेब, दूध सासूबाईंच्या नावावर जातं, खातं आमच्या मालकांचं, अन् गाय लोणीच्या बाजारातून आणलेली. बिल्ला हाय, पण नोंद अजून जुन्या मालकाचीच. मग पैसं यायचं कसं?" केंद्रावरच्या मुलाने मान डोलावली. अशी घरे त्याच्या वहीत बरीच होती.

म्हणून वाचकांना सांगणे आहे. गाय विकत घेतली, की दावणीला बांधण्याआधी बिल्ल्याचा आकडा पाहा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन मालकीबदलाची नोंद करून घ्या. बिल्ला पडला असेल तर नवा मारून घ्या. डेअरीतले नाव, गाईची नोंद आणि बँकखाते एकाच माणसाचे ठेवा. घरात धारा काढणारी बाई असेल, तर तिचेच नाव तिन्ही ठिकाणी लावायला काय हरकत आहे?

राहिला भाव. अनुदान टप्प्याटप्प्याने येते आणि मुदत संपली की थांबते. गाईला मात्र रोज सकाळ-संध्याकाळ खायला लागते. तेव्हा डेअरीची पावती हाती आली, की फॅट व एसएनएफ यांच्याबरोबर आज डेअरीने स्वतःचे किती रुपये दिले, तो आकडा आधी वाचा. घरखर्चाचा मेळ त्याच आकड्यावर घाला.